नाकाला बंदराची बातमी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर माझ्यासारख्याने उभे राहावे, हे मला अजूनही थोडे अवघड वाटते. इथे विद्वान बोलतात, आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकतो. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते वाचनालयात, दाल मिलच्या फाटकावर आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीबाहेरील बाकावर. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते पंडिताचे व्याख्यान समजू नका. एका हमाल संघटनेच्या कार्यकर्त्याला एका परक्या देशाची बातमी शोधावी लागली, ती त्याने कशी शोधली आणि शोधताना तो कुठे ठेचकाळला, एवढीच ही हकीकत आहे.

तो देश मोझांबिक. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा, आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे अडीचपट मोठा. विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, "नागपूरचा आणि मोझांबिकचा संबंध काय हो?" मी त्यांना उलट विचारले, "तुमच्या घरी आज वरण झाले का?" ते म्हणाले, "झाले." मी म्हटले, "मग संबंध आला."

आपण विदर्भाचे लोक तूर पिकवतो, तूर भरडतो आणि तूर खातो. पण देशाला लागते तेवढी तूर देशात दरवर्षी पिकतेच असे नाही. उरलेली ब्रह्मदेशातून येते, आणि आफ्रिकेतून येते: मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांतून. आमची हमाल मंडळी वर्षानुवर्षे पाठीवर पोती वाहतात आणि मालाची नावे घेतात. हा गजरी, हा सफेद, हा अरुषा, हा मटवारा. मी स्वतः तरुणपणी अरुषाची पोती उचलली आहेत. मला वाटे, अरुषा ही तुरीची जात असेल, जशी आपली मारोती तूर. पुढे एकदा नकाशा पाहत असता कळले, की अरुषा हे टांझानियातले एक शहर आहे, आणि मटवारा म्हणजे त्याच देशाच्या दक्षिण टोकाचे बंदर म्ट्वारा. ज्या गावांची नावे आम्ही दिवसातून शंभरदा घेत होतो, ती गावे आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हते. माझ्या अज्ञानाची ही पहिली पावती.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. २०२३ सालचा डिसेंबर महिना होता. एका दाल मिलमध्ये हमालीच्या दरवाढीची बोलणी चालू होती. मिलचे नाव मी घेत नाही, त्याची गरजही नाही. मालक म्हणाले, "तुमची मागणी मला समजते. पण नाकाला बंदरात माल अडकून पडला आहे. तूर महाग झाली, मिल निम्मी चालते. दरवाढ मागण्याची ही वेळ नव्हे."

संध्याकाळी फाटकावर सभा भरली. मी मालकांचे म्हणणे सांगितले. नाकाला हे नाव ऐकताच हशा पिकला. "कोणाच्या नाकाला?" असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय!" हशा ओसरल्यावर एक तरुण हमाल उठला. त्याने शांतपणे विचारले, "भाऊ, हे नाकाला कोठं आहे जी? आणि माल खरंच अडकला का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. श्रोतेहो, मी पस्तीस वर्षे संघटनेचे काम करीत आलो आहे. मालकाचा ताळेबंद वाचायला मी शिकलो, कायद्याची कलमे पाठ केली. १९६९ चा माथाडी कायदा तर मला झोपेतही आठवतो. पण त्या दिवशी अडीचशे माणसांच्या मजुरीचा निकाल एका बंदरावर अवलंबून होता, आणि ते बंदर कुठे आहे हे मला सांगता येत नव्हते. मालक खोटे बोलतात असे म्हणावे, तर पुरावा नाही. खरे बोलतात असे म्हणावे, तर तेही त्यांच्याच शब्दावर. ज्याच्याजवळ बातमी नाही, त्याला दुसऱ्याच्या बातमीवर भांडावे लागते, आणि ते भांडण तो सहसा हरतो. म्हणून मी सभेला म्हटले, "मला आठ दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. मराठी वर्तमानपत्रांचे मागील दोन महिन्यांचे गठ्ठे काढले. हाती फारसे काही लागले नाही. तुरीचे भाव होते, आयात हा शब्द होता, मोझांबिक हे नाव एखाद्या ओळीत होते. इंग्रजी पत्रांच्या व्यापारी पानांवर थोडे अधिक मिळाले. तेव्हा मी जरा मागे जाऊन पाहिले, की या देशाची बातमी आपल्याकडे एरवी येते तरी केव्हा? असे दिसले की ती तीन प्रसंगी येते. एक, वादळ झाले म्हणजे. मार्च २०१९ मध्ये इदाई नावाचे चक्रीवादळ बैरा शहरावर कोसळले, तेव्हा आपल्या नौदलाची जहाजे मदतीला धावली, त्यामुळे बातमी आली. दोन, उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून जे सशस्त्र बंड चालू झाले, त्यात मोठा हल्ला झाला म्हणजे. आणि तीन, नैसर्गिक वायूचा विषय निघाला म्हणजे. कारण तिथल्या समुद्रातील एका मोठ्या वायुक्षेत्रात आपल्या तीन सरकारी कंपन्यांचा मिळून तीस टक्के हिस्सा आहे. वायूची बातमी येते, पण शेतकऱ्याच्या तुरीची येत नाही. यात कोणा संपादकाचा मी दोष काढीत नाही. आपल्या पत्रांचा तिथे बातमीदार नाही. बातमी लंडन, पॅरिस, लिस्बन अशी फिरून आपल्याकडे येते, आणि त्या त्या ठिकाणच्या माणसाला जे महत्त्वाचे वाटते तेवढेच पुढे सरकते. पॅरिसच्या माणसाला वरणाची काळजी कशाला असेल?

मग मी सरकारी कागदांकडे वळलो. ही गोष्ट मी आपणांस मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. परदेशाची अर्धी बातमी आपल्याच सरकारच्या दप्तरात पडलेली असते. परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना, लोकसभेतील प्रश्नोत्तरे, कृषी मंत्रालयाचे पिकाचे अंदाज, बाजार समित्यांचे रोजचे भाव, हे सारे आता कोणालाही पाहता येते. त्यातून मला कळले, की जुलै २०१६ मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात तुरीचा करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन, आणि वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन तूर भारताने घ्यावी, असे ठरले. पुढे २०२१ मध्ये तो आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला, वर्षाला दोन लाख टन या हिशेबाने. तिथली तूर ऑगस्ट-सप्टेंबरपासून निघते आणि आपली नवी तूर डिसेंबरअखेर बाजारात येऊ लागते. म्हणजे आपले कोठार रिकामे होत असता त्यांचा माल येतो. हे वेळापत्रक समजले, आणि मालकांच्या बोलण्याला एक चौकट मिळाली.

आता राहिला प्रश्न नाकालाचा. नाकाला हे मोझांबिकच्या उत्तर भागातील नाम्पुला प्रांताचे बंदर. समुद्र तिथे निसर्गतःच खोल आहे, आणि आतल्या भागातून, थेट मलावी देशातून, आगगाडीचा रस्ता तिथे येतो. झांबेझिया आणि नाम्पुला या प्रांतांत लहान लहान शेतकरी तूर पिकवतात. तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणात तुरीला फारसे स्थान नाही. पीक मुख्यतः आपल्यासाठीच निघते. पण तिथल्या बातम्या कुठल्या भाषेत? राज्यकारभाराची व वर्तमानपत्रांची भाषा पोर्तुगीज. मला इंग्रजीच बेताचे येते, पोर्तुगीज कुठून येणार?

इथे गोवा माझ्या मदतीला आला. एका स्नेह्याच्या ओळखीने पणजीतील एका निवृत्त शिक्षकांशी दूरध्वनीवर गाठ पडली. ते पोर्तुगीज राजवटीत शाळेत शिकलेले. त्यांनी मला वीसेक शब्द लिहून दिले. तुरीला तिथे 'फेजांव बोएर' म्हणतात. बंदर म्हणजे 'पोर्तु', भाव म्हणजे 'प्रेसु', संप म्हणजे 'ग्रेव्ह'. संप हा शब्द मी न मागता त्यांनी दिला! एवढ्या वीस शब्दांवर मी मोबाइलमध्ये शोधू लागलो, आणि नागपुरात दोन महिने न मिळालेली बातमी अर्ध्या तासात सापडली. भाषांतर आता यंत्र करते, बरेवाईट का होईना. पण काय शोधायचे, तो शब्द माणसाकडूनच घ्यावा लागला.

गोव्याचे नाव निघाले म्हणून एका गोमंतकीयाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. आक्विनो द ब्रागांसा यांचा जन्म १९२४ साली बार्देशात झाला. ते पत्रकार होते. आल्जीरियात राहून त्यांनी आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिलढ्यांच्या बातम्या जगाला पुरवल्या. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथल्या विद्यापीठात त्यांनी आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र उभे केले. १९८२ मध्ये त्या केंद्रातच टपालाने आलेला बॉम्ब फुटून रूथ फर्स्ट या विदुषी ठार झाल्या. आक्विनो त्याच खोलीत होते, ते जखमी झाले. पुढे १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे विमान कोसळले, त्यात माशेल यांच्याबरोबर आक्विनोही गेले. आपल्या शेजारच्या एका तालुक्यातला माणूस त्या देशाची बातमी जगाला देत होता, आणि आपल्यापैकी कितीजणांनी त्यांचे नाव ऐकले आहे? मीही ऐकले नव्हते. तुरीच्या पोत्याने ते मला ऐकवले.

तिथली वर्तमानपत्रे कशी आहेत, हे आता थोडक्यात सांगतो. कारण बातमी कोणाच्या तोंडून येते हे कळल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. मापुतो या राजधानीचे 'नोतीसियश' हे दैनिक १९२६ पासूनचे. त्याचा कल बहुतेक सरकारकडे. १९७५ साली सरकारी वृत्तसंस्था निघाली, ती इंग्रजीतही वृत्त देत आली. सरकारी म्हणून ती टाकाऊ नव्हे. सरकारने काय म्हटले, हे तरी तिच्याकडून बिनचूक कळते. १९९० च्या राज्यघटनेने आणि १९९१ च्या कायद्याने तिथे वृत्तपत्रांना मोकळीक मिळाली, आणि पुढच्या वर्षी काही पत्रकारांनी सहकारी तत्त्वावर एक संस्था काढली. त्यांच्याजवळ छापखान्याला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी 'मीडियाफॅक्स' नावाचे पत्र फॅक्सच्या यंत्रावरून वर्गणीदारांना रोज धाडायला सुरुवात केली. कागद वर्गणीदाराचा, शाई वर्गणीदाराची, बातमी यांची! आमच्या संघटनेची पत्रके चक्रमुद्रणावर काढण्याचे दिवस मला आठवले. त्याच संस्थेने पुढे 'सवाना' हे साप्ताहिक काढले.

या फॅक्सपत्रामागचा एक प्रमुख माणूस कार्लुश कार्दोझु. त्याने १९९७ मध्ये स्वतःचे 'मेतिकाल' नावाचे फॅक्सपत्र काढले. मेतिकाल हे तिथल्या नाण्याचे नाव. एका मोठ्या बँकेतून सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर लांबवले गेले, त्या प्रकरणाचा तो पिच्छा पुरवीत होता. २२ नोव्हेंबर २००० रोजी कचेरीतून घरी जाताना मापुतोच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. खटला उभा राहिला, तो आकाशवाणीवरून देशभर ऐकवला गेला, आणि जानेवारी २००३ मध्ये सहाजणांना शिक्षा झाल्या. आणखी एक नाव सांगतो. उत्तरेकडील पाल्मा गावच्या सामुदायिक नभोवाणीचा बातमीदार इब्राइमो म्बारुको ७ एप्रिल २०२० रोजी बेपत्ता झाला. सैनिकांनी आपल्याला घेरले आहे, असा संदेश त्याने सहकाऱ्याला पाठवला होता, तोच शेवटचा. आपण मोबाइलवर बोट फिरवून ज्या ओळी वाचतो, त्यांची किंमत अशी कोणीतरी दिलेली असते. म्हणून बातमी फुकट मिळते असे मी कधी म्हणत नाही.

आता आठ दिवसांनी मी सभेत काय सांगितले ते ऐका. मी सांगितले: मालक खोटे बोलत नाहीत. नाकाला बंदर आहे, आणि माल खरोखर अडकला आहे. तिथल्या दोन व्यापारी घराण्यांचा वाद कोर्टात गेला असून एकाचा माल जप्त झाला आहे, आणि हजारो टन तूर किनाऱ्यावर खोळंबली आहे. हे ऐकून मंडळी नाराज झाली. आपला पुढारी मालकाची बाजू घेतो, अशी कुजबुजही झाली. मी पुढे म्हटले: पण याच बातमीचा दुसरा भाग ऐका. ही अडचण वर्षाची नाही, हंगामाची आहे. जानेवारीत कळमन्याच्या बाजारात आपली नवी तूर येईल आणि मिल चालेल. तेव्हा आपण दरवाढ सोडायची नाही, फक्त तारीख पुढे न्यायची.

मी हीच गोष्ट कागदांसह मालकांपुढे मांडली. नाकालाची कात्रणे टेबलावर पाहून ते क्षणभर गप्प झाले. नंतर म्हणाले, "तुम्ही हे कुठून आणले?" त्या दिवशी लेखी ठरले, की वाढ मार्चपासून लागू होईल. मागितली होती त्यापेक्षा ती कमी होती, पण कागदावर होती आणि तारखेसह होती. "नाकाला कोठं आहे जी?" असे विचारणाऱ्या त्या तरुणाने सही केली. त्याची सही मी जपून ठेवली आहे.

इथे थांबलो असतो तर ही यशाची कहाणी झाली असती. परंतु पुढच्याच वर्षी मी तोंडावर आपटलो, आणि तेही सांगितले पाहिजे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी मोझांबिकमध्ये निवडणूक झाली. सत्ताधारी पक्षाचे दानियेल शापो विजयी झाल्याचे जाहीर झाले. निकाल खोटा आहे असे म्हणत विरोधी उमेदवार वेनांसियो मोंडलाने यांनी लोकांना रस्त्यावर येण्याचे आवाहन केले. गोळीबार झाला, माणसे मेली. मिलमध्ये पुन्हा चर्चा सुरू झाली, की आफ्रिकेत दंगल आहे, तूर येणार नाही. मी आता स्वतःला जाणता समजू लागलो होतो. मी ऐटीत सांगितले, "दंगल राजधानीत आहे. मापुतो दक्षिण टोकाला आणि नाकाला उत्तरेला, मध्ये रस्त्याने सुमारे दोन हजार किलोमीटर. काही होणार नाही." नकाशा खरा होता. पण मी वाचत होतो ती सारी वार्तापत्रे मापुतोत बसून लिहिलेली होती. उत्तरेत, नाम्पुला प्रांतातही गोळ्या चालल्या आणि माणसे मेली, हे मला उशिरा कळले. त्या दिवसांत तिथे इंटरनेटही मधूनमधून बंद पाडले जात होते. उत्तरेकडून बातमी येत नव्हती, याचा अर्थ तिथे शांतता होती असा मी लावला; खरे म्हणजे बातमी द्यायची वाटच बंद होती. त्यातच १५ डिसेंबरला शिदो नावाचे चक्रीवादळ उत्तर किनाऱ्यावर आदळले. मला सभेत उभे राहून सांगावे लागले, की माझे चुकले. त्या दिवशी मला वाटले होते तेवढी मान खाली गेली नाही. एक म्हातारे हमाल म्हणाले, "भाऊ, चुकलं हे सांगितलं, तेच बरं केलं."

या दोन प्रसंगांतून मी जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो. परक्या देशाची बातमी हाती आली, की आधी पाहावे, ती कुठे बसून लिहिली आहे. नाम्पुल्याची बातमी मापुतोहून आली असेल तर तीत मापुतोचा वास असणारच. नागपूरची बातमी मुंबईहून लिहिली म्हणजे काय होते, हे आपणां वैदर्भीयांना कोणी शिकवायला नको! दुसरे, ती बातमी देण्यात कोणाचा फायदा आहे, ते पाहावे. व्यापाऱ्याचे पत्रक खोटेच असते असे नाही, पण भाव चढावेत म्हणून काढलेले पत्रक आणि भाव उतरावेत म्हणून काढलेले पत्रक, ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. तिसरे, एकाच वृत्तसंस्थेची बातमी चार पत्रांत आली तर तिला चार पुरावे समजू नये; तो एकच पुरावा चारदा छापलेला असतो. चौथे, ज्याने त्या देशात वर्षानुवर्षे घालवली आहेत त्याला विचारावे. जोसेफ हॅनलन नावाचे एक इंग्रजी लिहिणारे गृहस्थ मोझांबिकविषयी चाळीस वर्षांहून अधिक काळ लिहीत आले आहेत. त्यांचे वार्तापत्र मला दहा दैनिकांइतके उपयोगी पडले. आणि पाचवे, जिथून बातमी येत नाही, तिथे काही घडत नाही असे कधीही धरून चालू नये.

आता या सगळ्यातली जी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत लागली, ती सांगतो आणि संपवतो.

२०१५ मध्ये आपल्याकडे तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती, हे आपल्या गृहिणी विसरल्या नसतील. त्यामुळेच २०१६ चा करार झाला. मोझांबिकच्या शेतकऱ्याला सांगण्यात आले, तूर पेरा, भारत घेईल. त्याने पेरली. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला, आपल्या शेतकऱ्यानेही पेरली, आणि देशात ४८ लाख टनांवर विक्रमी पीक आले. हमीभाव ५,०५० रुपये होता, बाजारभाव त्याच्या खाली गेला. २०१७ च्या उन्हाळ्यात विदर्भातल्या खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, शेतकरी पोत्यांवर झोपले. हे आपण डोळ्यांनी पाहिले. मग ५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्याकडे तो हुकूम योग्यच वाटला, मलाही वाटला.

पण ऑगस्ट महिना म्हणजे तिकडे तूर निघण्याचा महिना. सरकारांमधल्या कराराचा माल त्या हुकुमातून वगळलेला होता, हे अधिसूचना नीट वाचली म्हणजे दिसते. परंतु झांबेझियातल्या शेतकऱ्याने कराराच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त पेरले होते. तिथला भाव कोसळला. ज्या तुरीला आदल्या हंगामात गिऱ्हाईक धावत येत होते, तिला विचारणारा उरला नाही. ती तूर त्याला घरी खाण्याची सवयही नव्हती. त्याने कोणाला विचारले असेल? दिल्ली कुठे आहे, हे तिथे कोणी कोणाला विचारले असेल? त्याच्या भाषेतल्या नभोवाणीवर आपल्या अधिसूचनेतले ते वगळण्याचे कलम कोणी वाचून दाखवले असेल का?

एकाच वर्षी, एकाच पिकाने, समुद्राच्या दोन्ही तीरांवरचा शेतकरी बुडाला. इकडच्याला वाटले, परदेशी तुरीने मला मारले. तिकडच्याला वाटले, भारताने मला फसवले. दोघांनाही दुसऱ्याची हकीकत कोणी सांगितली नाही. मध्ये ज्यांच्याजवळ दोन्हीकडची बातमी होती, त्यांचा व्यापार चालू राहिला.

आफ्रिकेची बातमी मिळवणे आपल्याला नवीन आहे, असेही नाही. शंभर वर्षांपूर्वी नाताळच्या मळ्यांत आपले गिरमिटिये राबत होते, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत १९०३ मध्ये 'इंडियन ओपिनियन' निघाले. त्याचे संपादक पोलक १९०९ मध्ये हिंदुस्थानात येऊन गावोगाव तिथली हकीकत सांगत फिरले. ती बातमी आणि ते आकडे हाती असल्यामुळे गोपाळ कृष्ण गोखले १९१० मध्ये कायदे कौन्सिलात नाताळला मजूर पाठवणे बंद करण्याचा ठराव मांडू शकले, तो मंजूर झाला, आणि पुढच्या वर्षी ती भरती थांबली. त्याच गोखल्यांनी १९११ मध्ये आपल्या नागपुरात 'हितवाद' सुरू केला. तेव्हा तार महाग होती, बोटीला आठवडे लागत. आज सारे हातातल्या यंत्रात आहे, आणि तरी नाकाला कुठे आहे हे मला माहीत नव्हते. कमी पडली ती यंत्रे नव्हेत, विचारण्याची सवय कमी पडली.

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे, आणि ती अगदी लहान आहे. आपल्या वाचनालयात एक कात्रणवही असावी. तुरीची, कापसाची, संत्र्याची, जी वस्तू या शहराचे पोट भरते तिची. तिच्याशी ज्या देशांचा संबंध आहे, त्यांची बातमी, सरकारी अधिसूचना, बाजारभाव, जे मिळेल ते तारखेसह त्यात चिकटवावे. आमच्या संघटनेने तुरीची वही सुरू केली आहे. ती लिहिण्याचे काम कोण करतो, हे सांगितले तर आपणांस आनंद वाटेल. ज्याने मला "नाकाला कोठं आहे जी?" असे विचारले होते, तोच करतो. दिवसभर पोती वाहून संध्याकाळी तो कात्रणे चिकटवतो. अजून त्याला पोर्तुगीजचे वीसच शब्द येतात, पण परवा त्याने मला एकविसावा विचारला. हमालाला तिकडे काय म्हणतात?

मला तो ठाऊक नव्हता. पणजीच्या गुरुजींना विचारून सांगतो, असे मी त्याला म्हटले आहे.